घरातून संकेतस्थळ उघडत नाही, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग चुकले असे नाही

घरच्या सर्व्हरवरचे संकेतस्थळ घरातल्याच वायफायवरून नावाने उघडले नाही, की पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरच्या ठरावीक पोर्टवर, म्हणजे क्रमांकित दारावर, बाहेरून आलेली विनंती घरातल्या सर्व्हरकडे वळवण्याची सोय) चुकले किंवा इंटरनेट कंपनीने पोर्ट बंद केले, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. या एका लक्षणावरून तसा निष्कर्ष निघत नाही, आणि त्यापायी नीट चाललेली मांडणी मोडली जाते, याचे वाईट वाटते.

प्रत्यक्षात असे घडते. १९२.१६८.१.२० या पत्त्यावरचा फोन राउटरच्या सार्वजनिक पत्त्याकडे विनंती पाठवतो आणि राउटर ती १९२.१६८.१.१० वरील सर्व्हरकडे वळवतो. पण विचारणारा घरातलाच असल्याने सर्व्हर राउटरला वगळून थेट फोनला उत्तर देतो, आणि आपण विचारले होते त्याऐवजी भलत्याच पत्त्यावरून आलेले ते उत्तर फोन टाकून देतो. काही राउटर विनंती वळवतच नाहीत. तेव्हा राउटरचेच लॉगिन पान समोर येऊ शकते.

म्हणून आधी वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासावे. तिथे संकेतस्थळ उघडले, तर फॉरवर्डिंगला हात लावू नये. राउटरमध्ये ‘नॅट लूपबॅक’ (घरातूनच आलेली अशी विनंती आणि तिचे उत्तर दोन्ही राउटरमार्गे फिरवणारी सोय) सुरू करावे किंवा घरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) त्या नावापुढे सर्व्हरचा आतला पत्ता नोंदवावा. मला हा दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. एकाच संगणकापुरते होस्ट्स फाइलमधली (त्या संगणकातल्या नावे-पत्त्यांच्या यादीतली) एक ओळही पुरते.

डेटावरूनही उघडले नाही, तर मात्र राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागून घेतल्याशिवाय फॉरवर्डिंग चालत नाही.