खाकी कव्हरांचं कपाट: आमच्या सभासदांसाठी माहिती

राजारामपुरीतल्या आमच्या वाचनालयात डाव्या हाताला, मासिकांच्या मागं, एक अरुंद कपाट आहे. घरात दत्तक आलेलं मूल असेल, काही काळासाठी सांभाळायला आलेलं असेल किंवा आई-वडिलांमागं आजी, मामा, आत्याकडं वाढत असेल, तर ते तुमच्यासाठी आहे.

इथल्या सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर घातलंय. जिन्यात शेजारीण विचारतेच, "काय वाचताय?" पावतीवरही नाव नसतं, नुसता आकडा. मुलाची हकीकत कुणाला आणि कधी सांगायची हे तुम्ही ठरवायचं, आमच्या पावतीनं नव्हे.

चित्रपुस्तकं आधी तुम्ही एकट्यानं वाचा, मग मुलाला मांडीवर घ्या. नुसतं हातात देऊ नका.

सर्वात जास्त मागणी 'आठवणींच्या वही'ला. ती परत करायची नसते. पहिलं पान घरी आल्याच्या दिवसाचं: पाऊस होता का, अंगावर काय होतं, पहिल्यांदा काय खाल्लं. जिथं माहीत नाही तिथं पेन्सिलीनं 'माहीत नाही' लिहा. गोष्ट रचू नका. पुढं ती निस्तरावी लागते.

मूल 'दत्तक म्हणजे काय?' विचारतं तेव्हा कोल्हापुरात उत्तर जवळच असतं. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंत १७ मार्च १८८४ रोजी दत्तक गेला आणि शाहू झाला. पण जपून सांगा. ते गादीसाठीचं दत्तक होतं. आपल्या पोरावर राजा व्हायचं ओझं नको.

काही पुस्तकांत पिवळ्या चिठ्ठ्या दिसतील, त्या काढू नका. जुन्या पुस्तकांत दत्तकाचा आदेश न्यायालय देतं असं छापलंय. बाल न्याय कायद्याखालचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात. सांभाळायला घेतलेलं मूल दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षं थांबावं लागे, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन.

आजी-आजोबांसाठी ठळक अक्षराची पुस्तकं आणि एक भिंग आहे. त्यांच्यासाठी एक कागदही ठेवलाय: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून पात्र मुलामागं महिन्याला २२५० रुपये मिळतात. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. नात सांभाळणाऱ्या बऱ्याच आज्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

अनामत ३०० रुपये, एका वेळी तीन पुस्तकं, सोमवारी बंद. या कपाटाला उशिराचा दंड नाही.

पुस्तक खराब झालं तरी आणून द्या. एक चित्रपुस्तक असंच परत आलं: निघून जाणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर निळ्या पेनानं इतकं गिरवलेलं, की पान फाटलं होतं. आम्ही ते टाकलं नाही. हवं असेल तर मागून घ्या, आकडा सतरा.