टाइमआउट १० म्हणजे १० सेकंदांत सुटका नव्हे

वेब सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत टाइमआउट (वाट पाहण्याची मर्यादा, सेकंदांत) १० दिला की कॉल, म्हणजे ती एक मागणी, फार तर १० सेकंद चालतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. तो आकडा एकूण कामाला लागत नाही. आधी जोडणी होईपर्यंतच्या प्रतीक्षेला लागतो, मग सर्व्हर गप्प झाला की त्या प्रत्येक शांततेला नव्याने. दर ९ सेकंदांनी एकेक बाइट धाडणारा सर्व्हर तुमचा प्रोग्राम तासभरही अडकवून ठेवेल आणि एक्सेप्शन (प्रोग्राम थांबवणारी चुकीची सूचना) येणार नाही. एकूण वेळेला मर्यादा हवी असेल, तर काम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून वेळ संपताच ती बंद करणं खात्रीचं.

टाइमआउट लिहिलाच नाही, तर लायब्ररी स्वतःहून कसलीच मर्यादा घालत नाही. रात्री लावलेलं काम सकाळी तिथेच अडकलेलं सापडू शकतं.