पोपटाने पेरू खाल्ला : कर्म ओळखण्यामागची गोष्ट

‘पोपट पेरू खातो’ या वाक्यातले क्रियापद आणि कर्म ओळखा, हा प्रश्न प्राथमिक शाळेतला. त्याचे मूळ मात्र थेट पाणिनीपर्यंत जाते. ‘कर्तुरीप्सिततमं कर्म’, म्हणजे कर्त्याला क्रियेतून जे सर्वांत जास्त साधायचे असते ते कर्म. इथे मुद्दाम ‘कर्त्याला’ कशासाठी म्हटले? ‘काशिका’ या टीकेत त्यासाठी एक झकास उदाहरण आहे : ‘माषेष्वश्वं बध्नाति’, तो उडदाच्या शेतात घोडा बांधतो. उडीद हवेत ते घोड्याला. बांधणाऱ्याचा मतलब घोड्याशी, म्हणून कर्म घोडा. आणि कर्त्याला नकोच असलेली वस्तू? तिचीही सोय पुढच्याच सूत्रात केली आहे.

मराठीची छापील व्याकरणे बरीच नंतरची. विल्यम केरीचे १८०५चे, तेही इंग्रजीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीतून व्याकरण लिहिले तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे मोरो केशव दामल्यांचा जाडजूड ग्रंथ १९११ साली आला. या मंडळींनी कर्ता, कर्म या संज्ञा संस्कृतातून घेतल्या खऱ्या, पण मराठी वाक्याची चाल काही निराळीच.

ती दिसते भूतकाळात. पोपटाने पेरू खाल्ला, कैरी खाल्ली, जांभूळ खाल्ले. पोपट एकच, पण क्रियापद त्याला विचारतसुद्धा नाही. ते फळाच्या मागे जाते. ‘शुकेन फलं खादितम्’ या धर्तीची संस्कृत रचना प्राकृतातून मराठीत उतरली, तिचा हा वारसा. त्यामुळे इथे कर्म ओळखायला क्रियापदाचे लिंगच मदत करते. मात्र कर्माला ‘ला’ लागला की ही खूण पुसते : वाघाने हरणाला मारले, वाघाने म्हशीला मारले.

शाळेत सांगतात, क्रियापदाला ‘काय?’ विचारा. ही युक्ती अर्धवट आहे. ‘पाऊस पडतो’, काय पडतो? पाऊस. पण तो तर कर्ता! म्हणून आधी ‘णारा’ लावून कर्ता शोधावा : पडणारा कोण? ‘मला चंद्र दिसतो’ यात दिसणारा चंद्र, म्हणून परंपरेने कर्ता तोच. ‘मी चंद्र पाहतो’ म्हटले की तोच चंद्र कर्म होतो.