सरकारी पदे घटली की खासगी पगार का अडतात?

सरकारने काही हजार पदे रद्द केली, तर नुकसान फक्त नोकरी गमावलेल्यांचे होते, असे आपण धरून चालतो. खासगी कंपनीत काम करणाऱ्याला त्या बातमीशी आपला संबंध दिसत नाही. पण ती कपात हळूहळू त्याच्याही पगारापर्यंत पोचते.

पगार ठरताना कौशल्याइतकेच महत्त्व एका प्रश्नाला असते: ही नोकरी सोडली तर दुसरी कुठे आणि किती लवकर मिळेल? नोकरी शोधायला वेळ लागतो आणि हातात पर्याय असेल तरच पगाराच्या बोलणीत जोर येतो. या विचाराची गणिती मांडणी करणाऱ्या पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडेस यांना २०१० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ठरलेली वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन, नोकरीची शाश्वती यांमुळे सरकारी नोकरी हा अनेकांसाठी असाच पर्याय असतो. तिथे अर्जही न केलेल्या माणसाला त्याचा फायदा मिळतो, कारण माणसे टिकवायची तर मालकाला त्या नोकरीशी स्पर्धा करावी लागते.

याचा उत्तम पुरावा अमेरिकेतल्या परिचारिकांचा आहे. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयांची वेतनपद्धत १९९० च्या कायद्याने बदलली आणि काही ठिकाणी परिचारिकांचे पगार वाढले. तेव्हा आसपासच्या इतर रुग्णालयांनीही पगार वाढवले, आणि जवळच्या रुग्णालयांत हा परिणाम जास्त दिसला. सरकारने तिथे दुसऱ्या कोणालाही पगार वाढवायला सांगितले नव्हते. हे उदाहरण पगारवाढीचे आहे, पण पर्याय आकसला की हीच यंत्रणा उलट चालते, असे मानायला सबळ कारण आहे.

त्यात दुसरा दाब मिसळतो. कपात झालेली माणसे त्याच मोजक्या खासगी जागांसाठी रांगेत येतात. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांची आकडेवारी तपासली. एखाद्या भागात बेकारीचा दर १० वरून ११ टक्के झाला, तर तिथले वेतन साधारण १ टक्का कमी असते, असे त्यांना आढळले.

दुसरी बाजूही खरी आहे. सरकारी भरती फार वाढली तर खासगी उद्योगांना माणसे मिळेनाशी होतात आणि काही खासगी रोजगार मागे हटतात. मनुष्यबळाची टंचाई असेल, तर सुटलेली माणसे लवकर सामावली जातात. सगळ्यात जास्त झळ बसते ती जिथे मालक मोजके आहेत तिथे, आणि कमी शिकलेल्यांना, कारण खासगी कामाच्या तुलनेत सरकारी पगार बहुधा त्यांनाच अधिक देतो. माझी खरी काळजी वेळेची आहे. करवसुली घटली की सरकारे पदे गोठवतात, आणि करवसुली घटते मंदीत, म्हणजे खासगी भरतीही थांबलेली असते तेव्हा.