आशाताईच्या ट्रेनिंगचे पैसे कोण भरतं?

‘ट्रेनिंगचे पन्नास हजार भरा, आशाची ऑर्डर पक्की.’ आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, होऊ पाहणाऱ्या बायकांना मारली जाणारी ही थाप विदर्भातल्या खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं फिरते आहे. ती साफ खोटी आहे.

आशाच्या प्रशिक्षणाचा खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो. महाराष्ट्रात त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. म्हणजे ‘सगळा पैसा दिल्लीचा’ हेही अर्धवटच. उलट, ट्रेनिंगला बसणाऱ्या बाईलाच भत्ता मिळतो. तो वेळेवर मिळतो का, हा प्रश्न वेगळा, आणि बायकांचा राग रास्त आहे.

गोंधळ होतो तो एएनएमच्या, म्हणजे सहायक परिचारिकेच्या, दोन वर्षांच्या कोर्समुळे. खासगी संस्थेत त्याची फी असते. आशा मात्र त्याच गावात राहणारी बाई असते, तिची निवड ग्रामसभेतून होते आणि ट्रेनिंग निवडीनंतर, टप्प्याटप्प्यानं.

तिथं शिकवतात काय? बाळाचं वजन करणं, ताप मोजणं, घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशा ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं सिद्ध केली, पुढं सरकारनं ती देशभर नेली.

कुणी पैसे मागितलेच, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.