दहा मिनिटं सर, तीन मिनिटं शेजारी

भरधाव ट्रक छोट्या कारवर आदळला. ट्रकने कारवर जास्त बल लावलं, कारने ट्रकवर, की दोघांनी सारखंच? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणाऱ्यांना विचारून पाहा. नियमानुसार उत्तर 'सारखंच' असं आहे, तरी पुष्कळ जण 'ट्रकने' म्हणून मोकळे होतात. विद्यापीठातल्या विज्ञानाच्या तासाला थोडं व्याख्यान आणि मधेमधे आपसांत चर्चा, ही पद्धत रुळली त्यात या ट्रकचा मोठा वाटा आहे.

एरिक मझूर १९८४ पासून हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवत होते. मुलांचे अभिप्राय उत्तम, परीक्षेतली गणितंही सुटत होती. मग १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात ॲरिझोनाचे इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेन्स यांचे १९८५ चे लेख आले. सूत्रं वापरता येणाऱ्या मुलांच्याही डोक्यात बल आणि गतीबद्दलच्या जुन्या समजुती सत्र संपलं तरी तशाच राहतात, असं त्यांत दाखवलं होतं. आपल्या वर्गात असं नसणार, या खात्रीने मझूर यांनी आकडेमोड नसलेली, त्या ट्रकसारख्या प्रश्नांची चाचणी घेतली. वर्गातून प्रश्न आला: उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला वाटतं तसं?

निकाल अर्थातच बेताचा लागला. एका प्रश्नाचं उत्तर मझूर यांनी फळ्यावर दोनदा समजावलं, तरी चेहरे कोरेच. शेवटी वैतागून ते म्हणाले, शेजाऱ्याशी बोला. हॉलभर एकच गलका उसळला आणि दोनेक मिनिटांत मुलांनी गाठ सोडवली. मझूर यांचं स्पष्टीकरण असं: ज्याला आत्ताच उमगलंय, त्याला आपण कुठे अडलो होतो हे आठवत असतं, प्राध्यापक ते कधीच विसरलेला असतो.

१९९१ पासून त्यांनी तासाचे तुकडेच पाडले. सात-दहा मिनिटं बोलायचं, मग एक बहुपर्यायी प्रश्न टाकायचा. मिनिटभर प्रत्येकाने गप्प बसून विचार करायचा आणि मत द्यायचं. आधी हात वर करून किंवा कार्ड दाखवून, पुढे क्लिकरवर, म्हणजे मत नोंदवायच्या छोट्या रिमोटवर. बरोबर उत्तरं साधारण तीस ते सत्तर टक्क्यांत असतील, तर दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. फारच कमी जमलं, तर सरांनीच पुन्हा समजवायचं. गप्प बसण्याचं ते एक मिनिट हल्ली अनेक जण गाळतात. मग हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

शेजाऱ्याशी बोलणं हा काही मझूर यांचा शोध नव्हे. सहकार्य आणि स्पर्धा यांची मानसशास्त्रज्ञ मॉर्टन डॉइच यांनी १९४९ मध्ये केलेली मांडणी याच्या मुळाशी आहे. मेरीलँडच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये 'विचार करा, जोडीत बोला, सर्वांना सांगा' ही त्रिसूत्री शाळांसाठी दिली. डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे मिनेसोटातले भाऊ गटकार्यातल्या फुकट्यांवर उपाय शोधत होते: एकाचं यश दुसऱ्यावर अवलंबून असावं, पण हिशेब प्रत्येकाचा वेगळा. अभियांत्रिकीचे कार्ल स्मिथ यांना सोबत घेऊन त्यांनी हे कॉलेजात आणलं. दर दहा-पंधरा मिनिटांनी व्याख्यान थांबवायचं हा त्यांचा सल्ला. माणसाचं लक्ष तेवढाच वेळ टिकतं, हे त्यासाठी नेहमी दिलं जाणारं कारण मात्र पुराव्याच्या बाबतीत लंगडं आहे.

भक्कम आकडे १९९८ मध्ये आले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे अशाच चाचण्यांतले गुण तपासले. सुरुवातीला जे येत नव्हतं, त्यातलं पारंपरिक वर्गांत सरासरी २३ टक्के पदरात पडलं, सहभागाच्या वर्गांत ४८ टक्के. ही माहिती शिक्षकांनी आपणहून पाठवलेली, त्यामुळे फसलेले वर्ग तीत कमी आले असणार; तरी एवढा फरक त्याने पुसला जात नाही. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्याच्या शंकेला २००९ मध्ये कोलोरॅडोच्या जनुकशास्त्राच्या वर्गाने उत्तर दिलं: गटात सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नसलं, तरी चर्चेनंतर मुलं त्याच संकल्पनेचा नवा प्रश्न सोडवू लागली.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात, शेकडो मुलांच्या वर्गात, लायमन यांची त्रिसूत्री वापरून पाहिली गेली. २०१३ च्या निबंधानुसार त्या वेळात सरासरी ८३ टक्के मुलं खरोखर कामात गुंतलेली होती.

मग सगळीकडे असंच का शिकवत नाहीत? एक कारण २०१९ मध्ये हार्वर्डमधूनच आलं. चर्चेच्या वर्गातल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकलेली मुलं जास्त खूश होती. तेव्हा ही डोकेफोड कशासाठी, हे सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना सांगून टाका, असं त्या संशोधकांनी शिक्षकांना सुचवलं.