पागोळ्यांचं पाणी भिंतीत का शिरतं?

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, लोंढा या बाजूला तरण्या पावसाच्या दिवसांत कुठल्याही जुन्या घराची भिंत बाहेरून पाहा. जोत्यापासून हात-दीड हात उंचीपर्यंत तांबड्या मातीचा पट्टा उमटलेला असतो. हा पट्टा आभाळातून थेट भिंतीवर आलेल्या पावसाचा नव्हे. छपरावरून खाली पडून चिखलासकट उसळलेल्या पाण्याचा आहे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद असं दुपाखी घर धरा. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस कोसळला, तर एकेका पाख्यावरून दीड हजार लिटर पाणी खाली येतं. अंगणात पडणारा पाऊस सगळीकडे पसरतो. छपराचं पाणी मात्र वळचणीखालच्या वीतभर पट्ट्यात, दरवेळी त्याच जागी आदळतं. तिथली माती उकरली जाते, चारी पडते, चारीत पाणी साचतं आणि थेट पायाशी मुरतं.

शिवाय सगळंच पाणी खाली पडतं असंही नाही. पाणी पृष्ठभागाला धरून राहतं, त्यामुळे थोडं पाणी कौलाच्या कडेखालून उलटं वळून रिपांना आणि वाशांच्या टोकांना लागतं. वासा बहुतेकदा टोकाकडून कुजतो तो यामुळे.

पायाशी मुरलेलं पाणी तिथंच थांबलं असतं तर एवढी काळजी नव्हती. पण वीट, माती, जांभा चिरा या सगळ्यांत बारीक छिद्रं असतात, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्यांतून वर चढतं. छिद्र जितकं बारीक, तितकी चढण्याची मजल जास्त. भिंतीच्या तोंडाशी येऊन पाणी वाळतं, पण त्यातले क्षार मागे राहतात. गिलाव्यामागे या क्षारांचे स्फटिक वाढू लागले की ते गिलावा आतून ढकलतात. पोपडे सुटतात, पांढरी भुकटी झडते. लोणा लागला म्हणतात तो हाच. वरून कितीही रंग दिला तरी तो फुगून येणारच, कारण दुखणं रंगात नाही, पायाशी आहे.

थंड मुलखात भिंतीत मुरलेलं पाणी गोठून भेगा पाडतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण ऊब आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की ओली भिंत वाळायचं नाव घेत नाही. ओल आणि ऊब एकत्र आली की बुरशीला आणखी काय हवं? दम्याच्या माणसाला या खोल्यांमध्ये त्रास होतो तो उगाच नव्हे.

जुन्या घरांना उंच दगडी जोतं, पुढं पडवी आणि बाहेर काढलेली वळचण असे. पाणी भिंतीपासून दूर पडे. आता पत्रा भिंतीबाहेर जेमतेम वीतभर येतो आणि खाली मातीऐवजी काँक्रीट असतं, त्यावरून पाणी अधिकच जोरात उसळतं. अशा घराला पन्हळ, म्हणजे छपराच्या कडेला पाणी झेलून पाइपात नेणारी नाळ, हवीच, असं माझं ठाम मत आहे.

याच जिल्ह्यातल्या अथणीकडे पाऊस बराच कमी, तरी तिथंही पन्हळीचं काम आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. छपराचं पाणी एकाच कोपऱ्यात मुरत राहिलं तर तेवढाच भाग हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते.

पन्हळीला दर तीन मीटरला निदान एखादा सेंटीमीटर उतार द्यावा, आणि पत्र्याची कड पन्हळीच्या आत दोन बोटं यावी. मात्र खरं महत्त्व पाइपाच्या तोंडाला. ते जोत्यालगतच मोकळं सोडलं तर सगळ्या छपराचं पाणी एका जागी पायात घातल्यासारखं होतं. ते गटारीत, परड्यात उताराच्या बाजूला किंवा शोषखड्ड्यात न्यावं. शोषखड्डाही घरापासून काही मीटर लांब. आडात सोडायचं असेल तर पहिल्या पावसांचं पाणी, त्यातली धूळ आणि पाखरांची विष्ठा वाहून जाऊ द्यावी, मग गाळून सोडावं.

वळवात झडलेला पाला पन्हळीत अडकतो, म्हणून मिरगाच्या आधी ती एकदा साफ करावी. पावसाळ्यातही उघडीप मिळेल तेव्हा हात फिरवावा. तुंबलेल्या पन्हळीत डेंग्यूच्या डासाची अंडी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात, आणि तिथं कुणाची नजर जात नाही.